कडुलिंबावरची दिवाळी

परवा आमच्या गायनवर्गाची बैठक झाली. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमासाठी दरवर्षी होते तीच. गाणाऱ्यांची नावे, चहा-फराळाचा खर्च, सतरंज्या कोणाकडून आणायच्या, हे सारे अर्ध्या तासात आटोपले आणि पुढचा दीड तास एकाच गोष्टीवर गेला. अंगणातल्या कडुलिंबावर यंदाही विजेच्या माळा सोडायच्या की नाही? मी नको म्हणालो. बाकी सगळे हो म्हणाले. "मास्तर, तुम्ही वेळेच्या आधीच म्हातारे झालात," असे एक विद्यार्थी हसत हसत बोलला. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. पण वडील दरबारचे गवई आणि राहते घर वाड्यातले, त्यामुळे लोक मला जन्मापासूनच जुना समजत आले आहेत. त्याचे मला काही वाटत नाही. मात्र त्या बैठकीत मला जे नीट मांडता आले नाही ते आज इथे मांडायचे आहे, कारण हा प्रश्न आता आमच्या अंगणापुरता राहिलेला नाही. गावात कोणत्याही हमरस्त्याने रात्री जा. दुकानापुढचे, हॉटेलापुढचे, लग्नाच्या वाडीपुढचे झाड बुंध्यापासून फांदीपर्यंत दिव्यांनी गुंडाळलेले दिसते, आणि ते दिवाळीत नव्हे, बाराही महिने.

आधी माझाच अपराध सांगतो, म्हणजे पुढचे बोलायला मोकळा होईन.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या वर्गात कमरेएवढे पाणी शिरले. दोन तानपुऱ्यांचे भोपळे सांध्यातून सुटले, पेटीचा भाता गेला, आणि नानांच्या हातच्या चिजांच्या वह्यांपैकी चार वह्यांतली शाई पाण्यात उतरली. त्या वह्यांची पाने मी दोरीवर वाळत घातली होती. काही पानांवर नुसती स्वरलिपीची रेघ राहिली होती, खालचे शब्द गेले होते. असो. अशा वर्षी दिवाळी आली तेव्हा मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या मनात एकच होते, की यंदा पहाट थाटात करायची. वायरमन आला. बावीस माळा आणल्या होत्या. आपल्याकडे त्यांना सरसकट 'सिरीज' म्हणतात. हे नाव कशावरून आले हे आजच्या मुलांना सांगावे लागते. पूर्वीचे बारीक दिवे खरोखरच एका ओळीत, एकामागून एक जोडलेले असत, त्यामुळे एक गेला की सगळी माळ अंधारात. माझ्या लहानपणी नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नाना खुर्चीवर उभे राहून एकेक दिवा काढून बघत आणि मी खाली टॉर्च धरून उभा असे. गेलेला दिवा सापडला आणि माळ उजळली की नाना "सम आली" म्हणत.

तर वायरमन शिडीवर चढला, बुंध्याला माळ गुंडाळत गुंडाळत वर गेला. कुठे प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळल्या. जिथे माळ ठरेना तिथे त्याने खालून विचारले, "मास्तर, खिळे मारू?" मी म्हटले, "मारा." हा शब्द माझा आहे. तो दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येणार नाही.

त्या पहाटे अंगण असे काही दिसले की माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. ललत गाणाऱ्या मुलीच्या डोक्यावर सगळे झाड चमकत होते. पुरानंतर पहिल्यांदाच माणसे मोकळेपणाने हसत होती. त्या रोषणाईचा मला तेव्हा अभिमान वाटला आणि आजही त्या एका पहाटेबद्दल मी तिला दोष देत नाही.

दोष पुढचा आहे. भाऊबीज झाली, माळा तशाच राहिल्या. म्हटले तुळशीचे लग्न होऊ दे. मग देवदिवाळीला नरसिंहजीचा वरघोडा निघाला, तेव्हा म्हटले एवढा दिवस आणखी. मग शेजारी लग्न निघाले, त्यांनीच सांगितले, "राहू द्या, मांडवाला शोभा." मग नाताळ, मग उत्तरायण. कोणी मुद्दाम ठेवल्या असेही नाही. काढायचे काम कोणाचे हे ठरलेच नव्हते. लावायला दहा हात असतात, उतरवायला एकही नसतो. आणि आजच्या दिव्याला बिलाचाही धाक राहिलेला नाही. जुन्या दिव्यांची माळ रात्रभर जळली तर वडीलधारी माणसे मीटरकडे पाहून ती बंद करवीत. निळ्या प्रकाशाचा एलईडी ज्यांनी साधला त्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यातूनच पांढरा एलईडी शक्य झाला आणि दिवा स्वस्त झाला. ही गोष्ट मोठीच आहे, गरिबाच्या घरात तिने उजेड नेला. पण तिच्याबरोबर दिवा विझवण्याची घाईही संपली.

आता साळुंक्यांबद्दल सांगायला हवे. त्याशिवाय माझे म्हणणे कळणार नाही.

नानांना मी उतारवयात, पन्नाशी उलटल्यावर झालो. १९४५ साली, सतरा वर्षांचे असताना, ते दरबारच्या कलावंत कारखान्यात तानपुऱ्यावर बसू लागले. बसायचे, ऐकायचे, आणि खूण झाली की मागून आवाज लावायचा. चार वर्षांत, १९४९ साली, संस्थान विलीन झाले आणि त्यांची नोकरी गेली. उस्ताद फैयाजखाँसाहेब १९५० साली गेले. नानांनी पुढची साठ वर्षे शिकवण्यांवर काढली, पण दरबारची एक सवय त्यांनी सोडली नाही. संध्याकाळचा तानपुरा ते घड्याळ पाहून काढत नसत, कडुलिंबाकडे पाहून काढत. सूर्य कलला की साळुंक्यांचे थवे त्या झाडावर उतरत आणि जो कलकलाट सुरू होई त्यात बोललेले ऐकू येत नसे. तो ऐन भरात असताना नाना तानपुऱ्याच्या जवारीचा दोरा सारखा करत बसत. मग कलकल उतरत जाई, फांदीफांदीवरची गप्प होत जाई, शेवटी दोन-चार भांडखोर तेवढ्या उरत, आणि त्याही गप्प झाल्या की नाना षड्ज लावीत. मला म्हणत, "आता झाड निजले, आता तुझी पूरिया."

इथे बडोद्याच्या जुन्या घरांना वेगळे सांगायला नको, की रागाच्या वेळेचा विचार आपण नुसता पुस्तकातून शिकलो नाही. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद पंडित भातखंड्यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने याच गावी भरवली. मारवा, पूरिया, पूर्वी, श्री ह्या रागांना त्यांच्या पद्धतीत संधिप्रकाश राग म्हणतात. दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावरचे हे राग. कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, आणि त्यावर येणारी ती एक हुरहूर. हे मी रोज फळ्यावर लिहून देतो. पण तो सांधा म्हणजे काय हे मला फळ्यावरून कळले नव्हते, त्या झाडावरून कळले होते.

पुराच्या पाण्यातही साळुंक्या येत होत्या. चार दिवस अंगणात पाणी होते तेव्हा सुद्धा वरच्या फांद्यांवर कलकल होती आणि गच्चीवर अडकलेल्या आम्हांला तेवढीच सोबत होती. माळा चढल्या त्या आठवड्यात थवे आले, झाडावर घिरट्या घातल्या, काही बसल्या, उठल्या, आणि रात्रभर चुळबूळ ऐकू येत राहिली. पुढच्या आठवड्यात निम्म्या आल्या. देवदिवाळीपर्यंत एकही येईना. माझ्या ते ध्यानातही आले नाही! एका संध्याकाळी आईने विचारले, "आज तू उशीर का केलास?" मी घड्याळ पाहिले, खरेच उशीर झाला होता. वेळ सांगणारेच कोणी नव्हते.

मग फाल्गुन आला. कडुलिंब आपल्याकडे माघ-फाल्गुनात पाने टाकतो आणि चैत्राच्या तोंडाशी तांबूस पालवी धरतो. गुढीपाडव्याला जी फुले आपण गुळाबरोबर वाटतो ती त्याच बहराची. २०२५ च्या पाडव्याला मी फुले काढायला शिडी लावली तेव्हा दिसले, की रस्त्याकडच्या, माळा नसलेल्या फांद्या नव्या पालवीने भरल्या आहेत, आणि ज्या चार फांद्या दिव्यांनी वेढल्या होत्या त्यांच्यावर जुनी, मळकट पाने अजून लटकत आहेत. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. हे दिव्यांनीच झाले असे छातीवर हात ठेवून मी सांगणार नाही. पुराचे पाणी मुळांशी साचले होते, तेही कारण असेल. पण त्या दिवसापासून मी वाचायला आणि विचारायला लागलो, आणि जे कळले ते थोडक्यात देतो.

झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते. १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड या दोन अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले, की कित्येक वनस्पतींचा फुलण्याचा काळ दिवसरात्रीच्या लांबीवर ठरतो. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी आणखी पुढचे दाखवले. लांब रात्रीच्या मधेच काही मिनिटे दिवा लावला तर त्यांचे रोप फुलायचेच विसरले. म्हणजे महत्त्व होते ते सलग अंधाराला. पानांत एक रंगद्रव्य असते, प्रकाश पडला की त्याचे रूप बदलते, आणि अंधारात ते हळूहळू परत फिरते. हे त्याचे घड्याळ. १९३६ सालीच न्यूयॉर्कमध्ये मात्झ्के नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवले होते, की रस्त्याच्या दिव्यांजवळच्या फांद्यांवरची पाने बाकीच्या झाडाच्या मानाने उशिरा गळतात. हे वाचताना मला पाडव्याची ती शिडी आठवली.

आणि प्रयोगशाळेत कशाला जायला हवे? शेतकऱ्याला हे ठाऊकच आहे. शेवंतीचे बागाईतदार सणाच्या बाजारासाठी रात्री दिवे लावून तिचा बहर पुढे ढकलतात. ज्याला गुजरात सरकारने २०२१ मध्ये 'कमलम' हे नाव दिले ते ड्रॅगनफ्रूट, त्याच्या बागांतही हंगामाबाहेर फळ धरावे म्हणून रात्री दिवे लावण्याची रीत आहे. व्हिएतनामात तर त्याचे मळेच्या मळे रात्री उजळलेले असतात. जो दिवा शेतात पीक फिरवू शकतो तोच दिवा रस्त्यावरच्या झाडाला नुसता दागिना होऊन बसतो, असे आपण कशावरून मानतो? शेतकऱ्याचा दिवा निदान हिशेबाने लागतो आणि हिशेबाने विझतो.

झाडावर झाड एकटे नसते हेही आहे. रात्री फुलांवर येणारे पतंग दिव्याने बिचकतात. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांवर दिवे लावून पाहिले तेव्हा रात्रीच्या कीटकांच्या फुलांवरच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या, असा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. वडा-उंबरांची फळे खाऊन त्यांचे बी दूरवर टाकणारी वटवाघळेही अंधारातलीच. भिंतीच्या फटीत, देवळाच्या शिखरावर, गच्चीच्या कोपऱ्यात जो वड कोणी न लावता उगवतो, तो बहुधा असल्याच कोणा पाहुण्याने आणलेला असतो. आणि आपण तर वडाचे गाव. इ.स. ८१२ च्या ताम्रपटात वडपद्रक म्हणून ज्याची नोंद आहे ते आपले बडोदे. वटोदर म्हणजे वडाच्या पोटातले, असा त्या नावाचा अर्थ सांगतात.

वडावरून वटपौर्णिमा आली. आमच्या घराजवळच्या नाक्यावर एक वड आहे, पार बांधलेला. पिढ्यान् पिढ्या आमच्याकडच्या बायका तिथे जातात. २०२५ च्या जूनमध्ये पत्नी आणि शेजारच्या काकू सूत घेऊन गेल्या तर बुंध्यावर आधीच हिरव्या वायरींची दाट गुंडाळी. कोणी लावली हे विचारण्यात अर्थ नाही. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. एका ठिकाणी वायरीचे वरचे आवरण फाटून आतली तार दिसत होती. वायर चालू की बंद, कोणाला माहीत? काकूंनी सूत हातात धरले आणि मागे सरल्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वडाला लांबूनच नमस्कार केला. सूत तसेच पारावर ठेवून त्या दोघी घरी आल्या.

सूतही गुंडाळतात आणि वायरही गुंडाळतात, मग फरक काय, असे कोणी विचारील. फरक एवढाच, की सुताचा धागा दोन पावसांत कुजून गळतो आणि झाड जाड झाले की तटकन तुटतो. वायर तुटत नाही, तीच आत रुतते. त्या संध्याकाळी मी स्वतः शिडी लावली आणि माळा उतरवायला घेतल्या. आठ महिन्यांत बुंधा भरला होता. तीन ठिकाणी प्लॅस्टिकची पट्टी सालीत अशी बसली होती की कडेने साल फुगून वर आली होती. झाडाने केलेले अन्न खाली मुळांकडे नेणारा थर सालीच्या आतच असतो. तो सगळीकडून आवळला गेला तर फांदी हळूहळू मरते. खिळ्यांच्या जागी डिंकाचे थेंब सुकून काळे झाले होते. दोन खिळे निघाले, बाकीचे डोके तुटून आतच राहिले. एक वायर काढताना साल सोलून निघू लागली म्हणून तिचा वीतभर तुकडा मी कापून तिथेच ठेवला. तो तिथे आहे.

हे दिवे झाडावर आले कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातल्या नाताळच्या झाडावर विजेचे ८० दिवे लावले, लाल, पांढरे, निळे, आणि झाड फिरते ठेवले. त्याच्या आधी तिथे मेणबत्त्या लावीत. परंतु ते झाड तोडून घरात आणलेले होते. त्याची रात्र कधीच संपली होती. पंधरा दिवस ते दिवाणखान्यात मिरवायचे आणि मग जायचे. त्या लोकांतही नाताळची बारावी रात्र उलटली की सजावट उतरवायची हा संकेत आहे. आपण त्यांच्याकडून दिवा घेतला आणि उतरवण्याचा दिवस तेवढा घेतला नाही. बरे, आपल्याकडे ती रीत नव्हती असेही नाही. गणपती दीड दिवसाचा असो की दहा दिवसांचा, विसर्जनाशिवाय तो पुरा होत नाही. भैरवी झाली की मैफल उठते. भैरवीनंतर कोणी पुन्हा यमन सुरू केला तर त्याला काय म्हणावे?

आणि दिव्यांचे झाड पाहायची हौस आपल्या लोकांना नव्हती असेही कोणी समजू नये. जेजुरीच्या पायऱ्या चढताना दुतर्फा दीपमाळा लागतात. दगडाचा खांब, त्याला चहूबाजूंनी हात फुटलेले, त्या हातांवर दिवे. मला तर ते दगडात केलेले झाडच वाटते. आपल्या पूर्वजांजवळ वड होते, पिंपळ होते, देवळापुढे डेरेदार उभे होते. तेल-वात घेऊन तिथे दिवा पाराशी ठेवला, फांदीला बांधला नाही. त्रिपुरी पौर्णिमेला सगळे झाड पेटल्यासारखे दिसावे अशी इच्छा झाली तेव्हा त्यांनी पाथरवटाला बोलावले. नाना सांगत, की दरबारच्या समारंभांना रोषणाई असे ती वाड्याच्या सज्ज्यांवर आणि कठड्यांवर, आणि मोकळ्या जागी बांबूच्या ताट्या उभ्या करून त्यांवर पणत्या. सकाळी ताट्या उतरवायलाही माणसे नेमलेली असत, असेही ते सांगत.

कोणाला वाटेल मी एकटाच हे बडबडतो आहे. तसे नाही. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतल्या झाडांवरच्या पाट्या, जाहिराती, विजेच्या वायरी काढून टाका आणि बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंटविना मोकळी ठेवा, असा हुकूम केला होता. मुंबईत २०२२ च्या अखेरीस शहर सुशोभित करण्याची टूम निघाली आणि रस्त्यांवरची झाडे दिव्यांनी वेढली गेली. त्यावर ठाण्याच्या एका नागरिकाने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०२४ मध्ये न्यायालयाने सरकारला आणि महापालिकांना नोटिसा काढल्या, आणि त्यानंतर मुंबईच्या महापालिकेने झाडांवरचे दिवे उतरवायला घेतले. मुंबई ज्या वाटेने जाऊन परत फिरली त्या वाटेला आपण आता का लागावे?

बैठकीत विरोधी बाजूने जे बोलले गेले तेही सांगितले पाहिजे. एका पालक बाईंचे म्हणणे, की त्या दिव्यांमुळे गल्लीत उजेड असे आणि रात्री वर्गाहून मुलींना पाठवताना धीर वाटे. हे खरे आहे आणि वजनदार आहे. पण मग गल्लीला दिवा हवा, तो खांबावर, जमिनीकडे तोंड केलेला, मुलीच्या पायाखाली उजेड पाडणारा. त्यासाठी अर्ज मी लिहितो, सह्या आपण सगळे करू. वायरमनच्या पोटाचा प्रश्नही निघाला. त्याला माळा लावायचे पैसे मिळतात, तसे उतरवायचेही द्यावेत, म्हणजे त्याला एकाऐवजी दोन कामे.

पण एका मुलाने विचारले त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. तो म्हणाला, "मास्तर, ह्या झाडाखालून मी सहा वर्षे गायला येतो. हे झाड एवढे मोठे आहे हे मला दिवे लागले त्या रात्री पहिल्यांदा दिसले." मी काही बोललो नाही. खरे तर मला त्याला सांगायचे होते, की तुला संध्याकाळी साडेपाचला बोलावले असते तर साळुंक्यांनी ते दाखवले असते. पण साडेपाचला त्याची शिकवणी असते, सहाला दुसरी, आणि तो माझ्याकडे येतो तेव्हा पुरती रात्र झालेली असते. त्याने झाड कधी पाहायचे? हा दोष त्याचा नाही. मी त्याला इतकी वर्षे पूरिया रात्री साडेआठला शिकवीत आलो आहे.

म्हणून माझी सूचना कोणाचा आनंद काढून घेणारी नाही. घराच्या कठड्याला, दाराला, तोरणाला, आकाशकंदिलाला हवे तेवढे दिवे लावा. झाडाच्या पारावर पणत्या लावा, पहाटेपर्यंत त्या आपोआप विझतात. आणि ज्यांना झाडावर माळ सोडल्याशिवाय चैनच पडत नसेल त्यांनी खिळा न मारता, न आवळता, सैल सोडावी, रात्री दहाला बटण बंद करावे, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जिने चढवली तिनेच उतरवावी. उतरवणाऱ्याचे नाव लावण्याच्या आधी वहीत लिहावे. सार्वजनिक रस्त्यावरच्या झाडांना मात्र कायमच्या वायरी नकोतच. तिथे उतरवणारा कोणी नसतो, हे मी माझ्या अंगणात राहून पाहिले आहे. तिथल्या वडाखाली तर आपल्याच घरच्या बायका ओल्या हातांनी उभ्या राहतात.

बैठकीचा शेवट काय झाला ते सांगून पुरे करतो. मतास टाकले असते तर मी हरलोच असतो. पण नानांच्या बांबूच्या ताट्यांची गोष्ट निघाली आणि मुलांनी ती धरली. अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, कडुलिंबापासून दूर, बांबूची एक दीपमाळ बांधायची, त्याच बावीस माळा तिच्यावर सोडायच्या, खालच्या हातांवर पणत्या, आणि भाऊबीजेला ती उतरवून बांबू परत करायचे. ज्याने झाड पहिल्यांदा पाहिले तोच मुलगा ती बांधणार आहे. मी त्याला दिवाळीपर्यंत साडेपाचला यायला सांगितले आहे, एक शिकवणी बुडली तरी चालेल म्हणून त्याच्या आईशीही बोललो आहे. काल तो आला होता. फांद्यांवर सात-आठ साळुंक्या होत्या, फार नाहीत. त्या गप्प व्हायची वाट पाहत आम्ही दोघे तानपुरा मांडीवर घेऊन बसलो होतो.